तेजस्वी की तेजस्विनी? खानापूर तालुक्यातल्या एका नावाचं प्रकरण

हे प्रकरण एका मुलीच्या नावाचं आहे. माणसं ओळखीची आहेत, म्हणून गाव, आडनाव, तारखा दिलेल्या नाहीत. नावच बदललं तर सांगण्यासारखं काही उरत नाही, म्हणून ते घरच्यांना विचारून तसंच ठेवलंय. मी या घराशेजारी राहते. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत बत्तीस वर्षं शिकवलं, आणि जनरल रजिस्टरमध्ये पहिलीच्या मुलांची नावं उतरवून घेताना जे पाहिलं, त्यामुळे या विषयाकडे मला हलकेपणानं बघताच येत नाही. नाव एकदा चुकीचं चढलं की ते दहावीच्या मार्कशीटपर्यंत त्या मुलामागं चालत जातं.

पार्श्वभूमी

मुलीचे बाबा बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर आहेत. शिक्षण मराठीतून. कन्नड कामापुरतं चांगलं बोलतात, वाचताना मात्र अडखळतात. आई धारवाडकडची. माहेरी घरात मराठी, पण पहिलीपासून पदवीपर्यंत सगळं शिक्षण कन्नडमधून. आजी याच गावातली, आणि आत्या लग्नानंतर पुण्याला. बाळंतपण बेळगाव शहरातल्या दवाखान्यात झालं. पहिलीच मुलगी, घरात पंचवीस वर्षांनी पाळणा हलणार होता.

आजीच्या पिढीत या घरातली नावं कल्लाप्पा, यल्लाप्पा, भरमाप्पा, नागव्वा, मल्लव्वा अशी होती. आमच्याकडच्या कितीतरी मराठी घरांत ती तशीच आहेत. देव मराठी की कानडी हे कुणी विचारत नव्हतं. या नावांचा एक मोठा गुण आज लक्षात येतो. 'अप्पा' आलं की पुरुष, 'अव्वा' आलं की बाई. 'राव' आणि 'बाई'चंही तेच. नावाच्या शेपटीतच सगळं कळायचं, आणि दोन्ही भाषांच्या माणसाला सारखंच कळायचं.

पुढच्या पिढीत ही शेपूट गेली. नावं संस्कृत वळणाची, सुटसुटीत झाली. मग मुलगा की मुलगी हे ओळखायचं सगळं ओझं शेवटच्या एका स्वरावर येऊन पडलं. आणि नेमका हा शेवटचा स्वर मराठी आणि कन्नड वेगवेगळ्या तऱ्हेनं हाताळतात. मराठीत आपण 'गणेश' लिहितो आणि शेवटचा अ गिळतो. कन्नडात तो उच्चारतात, त्यामुळे इंग्रजीत तिकडे बऱ्याचदा शेवटी 'ए' लागतो. हा एक 'ए' काय करतो ते मी वर्गात पाहिलंय. एक मुलगा 'आर्य', एक मुलगी 'आर्या'. दोघांच्या दाखल्यावर इंग्रजी अक्षरं तीच चार. दुसरी एक मुलगी होती 'सई'. दाखल्यावर इंग्रजीत एस-ए-आय, कन्नडात 'सायि', आणि आमच्याच एका शिक्षकानं त्यावरून मराठीत 'साई' लिहून तिला मुलग्यांच्या यादीत टाकलं. ते पोर आठ दिवस हजेरीला आपलं नाव आपलं नाही असं समजून गप्प बसत होतं.

अडचण काय होती

मुलीचा जन्म विशाखा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर झाला. नावरसाचं अक्षर आलं 'ते'. आत्यानं पुण्याहून त्याच संध्याकाळी नाव कळवलं, 'तेजस्वी'. तिच्या सोसायटीत दोन तेजस्वी होत्या, दोन्ही मुली. बाबांनाही आवडलं. अर्थ चांगला, अक्षर जुळतं, म्हणायला छोटं.

आईनं दवाखान्याच्या खाटेवरूनच मान हलवली. "अहो, हे मुलाचं नाव आहे. आमच्या वर्गात तेजस्वी होता. होता, होती नव्हे."

दोघांचंही म्हणणं खरं होतं, हीच यातली गाठ. संस्कृतात मूळ शब्द 'तेजस्विन्'. त्याचं पुल्लिंगी रूप तेजस्वी, स्त्रीलिंगी तेजस्विनी, जसं तपस्वी आणि तपस्विनी. कन्नडनं नावांमध्ये हा भेद बऱ्यापैकी सांभाळलाय. कवी कुवेंपूंचे चिरंजीव, कन्नड लेखक पूर्णचंद्र तेजस्वी, यांचं नाव तिकडे घराघरात माहीत. बेंगळुरू दक्षिणचे खासदार तेजस्वी सूर्या. तिथं तेजस्वी म्हटलं की डोळ्यांपुढे पुरुष उभा राहतो. मराठीत 'तेजस्वी' हे विशेषण लिंगाप्रमाणे बदलतच नाही. तेजस्वी मुलगा म्हणतो, तेजस्वी मुलगीही म्हणतो. शिवाय वैष्णवी, जान्हवी, पल्लवी, तन्वी अशी मुलींच्या नावांची मोठी रांग 'वी'वर संपते, त्या रांगेत तेजस्वी सहज जाऊन बसलं. महाराष्ट्राच्या पोलीस दलातल्या आयपीएस अधिकारी तेजस्वी सातपुते यांचं नाव आत्यानं लगेच पुढं केलं. तेव्हा पुण्यात ते मुलीचं, धारवाडात मुलाचं. आणि ही मुलगी वाढणार होती बरोबर मधे.

दुसरी अडचण लिहिण्याची. कर्नाटकातला जन्मदाखला कन्नड आणि इंग्रजीत मिळतो. मराठी रूप त्यावर नसतं. म्हणजे आई-बाप ज्या लिपीत नाव ठरवतात ती लिपी कागदावर येतच नाही, आणि जे येतं ते दुसरं कुणीतरी टाइप करतं. त्यात 'त' या एका अक्षराचा घोळ आमच्या भागात पिढ्यान् पिढ्यांचा आहे. कर्नाटकात इंग्रजीत 'त' लिहायला 'टीएच' वापरतात, कारण नुसता 'टी' ते 'ट' साठी राखून ठेवतात. महाराष्ट्रात 'त' आणि 'ट' दोन्हींना 'टी', आणि 'टीएच' दिसला की लोक 'थ' किंवा 'ठ' वाचतात. या आईच्या स्वतःच्या नावाच्या शेवटी 'ता' आहे, अनिता-सुनीता वळणाचं. तिच्या दहावीच्या मार्कशीटवर 'टीएच', आधारवर नुसता 'टी'. लग्नानंतर बँकेत दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं होतं. त्यामुळे हा विषय तिच्यासाठी पुस्तकी नव्हता.

पहिला निर्णय: दवाखान्यात नाव लिहायचं का

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून नोंदणीचा अर्ज पुढं आला. बाळाच्या नावाची जागा होती. बाबा म्हणाले, आत्ताच 'तेजस्वी' लिहून टाकू, पुन्हा हेलपाटा नको. काउंटरवरचा माणूसही तेच म्हणाला.

आजीनं अडवलं. तिचं कारण साधं होतं. "बारशाआधी कागदावर कशाला? पाळण्यात घालायच्या आधी नाव बाहेर काढत न्हाईत."

कारण रीतीचं असलं तरी निर्णय कायद्यानंही बरोबर ठरला. जन्माची खबर 21 दिवसांत द्यायची असते, आणि ती दवाखाना देतो. नावाचं तसं नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा 1969, त्याचं कलम 14: जन्म नावाशिवाय नोंदवला असेल तर आई-वडिलांनी नंतर नाव कळवायचं आणि निबंधकानं ते नोंदीत चढवायचं. नोंदणीपासून 12 महिन्यांच्या आत कळवलं तर फी नाही. त्यानंतर विलंबशुल्क भरून 15 वर्षांपर्यंत करता येतं. नावाच्या रकान्यात काही नसणं ही त्रुटी नाही, ती सवलत आहे. उलट एकदा नाव चढलं की टाइपाची चूक दुरुस्त करून मिळते, पण मत बदललं म्हणून दुसरं नाव घालणं हे सोपं काम राहत नाही.

मला स्वतःला हा या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय वाटतो. तो घाईत, भलत्याच कारणानं झाला, पण त्यामुळे घराला पुढचे चार महिने मिळाले.

बारसं

बाराव्या दिवशी बारसं झालं. आत्या आदल्या रात्री पुण्याहून आली. येताना कुंची, चांदीचा वाळा आणि पेढे घेऊन आली, ज्यांच्यावर तेजस्वी हे नाव छापलेली चिठ्ठी होती. आईला ती चिठ्ठी सकाळी दिसली. तिला वाईट वाटलं आणि ते रास्तच होतं. आपण नको म्हटलेलं नाव छापून आलंय, आणि घरात वीस बायका जमल्यात.

मी तिथं होते. स्वयंपाकघरात घुगऱ्यांच्या परातीजवळ आई, आत्या आणि आजी तिघी उभ्या होत्या. आत्या म्हणाली, "वहिनी, मान माझा आहे गं, आणि नाव तर चांगलंच आहे." आई काही बोलेना. आजीनं मग अशी तोड काढली की पाळण्यात आत्या कानात सांगेल ते नाव राहू दे, कागदावर काय जायचं ते पोरीचे आई-बाप नंतर ठरवतील. "आमच्यात मामंजींचं पाळण्यातलं नाव वेगळं नि शाळंतलं वेगळं व्हतंच की."

गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, आत्यानं कानात कुर्र केलं, पाठीत धपाटे बसले, नाव जाहीर झालं तेजस्वी. भांडण टळलं. पण आईचा आक्षेप ऐकून घेतला गेला असं मात्र म्हणता येणार नाही, तो फक्त पुढं ढकलला गेला.

त्याच दुपारी नावाच्या लिंगावरून गप्पा चालल्या होत्या तेव्हा आजी जे बोलली ते मी विसरणार नाही. आमच्या बेळगाव-कोल्हापूरकडच्या बायका 'मी येतो', 'मी जातो' असं बोलतात. मी लिहिताना 'येते' लिहिते, पण घरी मीही 'येतो'च म्हणते. आजी म्हणाली, "आमी बायका जलमभर 'येतो-जातो' म्हणालो, बाप्ये झालो काय? नावानं काय व्हतंय?" तिच्या बोलण्यात तथ्य होतं. घरात, गावात, जिथं माणूस समोर दिसतो तिथं नावानं काही बिघडत नाही. बिघडतं ते माणूस समोर नसताना, नुसतं नाव कागदावर पुढं जातं तेव्हा. हा फरक आम्हा सगळ्यांना महिन्याभरात कळला.

दीड महिन्याचं इंजेक्शन

आई मुलीला घेऊन दीड महिन्याच्या डोसाला गेली नाही, आईलाच ताप होता. आजी आणि शेजारची एक मुलगी गेल्या. गर्दी होती. नर्सबाईंनी नाव विचारलं, आजीनं सांगितलं, तेजस्वी. त्यांनी रजिस्टरात नाव लिहिलं आणि न विचारता पुढं 'गंडु' म्हणजे मुलगा अशी खूण केली. बाळाच्या अंगावर पिवळी कुंची आणि दुपटं, कळणार तरी कसं. तायी कार्डावरही, म्हणजे आई-बाळाच्या सरकारी नोंदींच्या कार्डावरही, तसंच उतरलं. घरी आल्यावर आईनं कार्ड उघडलं आणि काही न बोलता ते बाबांच्या हातात दिलं. बाबांनी दोनदा अक्षरं लावून वाचलं.

पुढच्या डोसाला ते दुरुस्त करून मिळालं, त्यात काही अडचण आली नाही. कुणाचा हलगर्जीपणाही मी म्हणणार नाही. कन्नड कानाला ते नाव मुलाचं वाटलं, इतकंच. पण बाबांचं मत इथं हललं. त्यांनी मग फाउंड्रीत एक साधी गोष्ट केली. मुलगी झालीय हे ज्यांना ठाऊक नव्हतं अशांना नुसतं सांगायचं, "बाळाचं नाव तेजस्वी ठेवलंय." कन्नड बोलणाऱ्या सहकाऱ्यांनी एकजात विचारलं, "गंडु मगुना?", म्हणजे मुलगा का? मराठी बोलणाऱ्यांत तरण्या पोरांनी मुलगी धरली, पन्नाशीच्या माणसांनी विचारून घेतलं. ही काही पाहणी नव्हे, दहा-बारा माणसं. तरी ज्या लोकांत मुलगी वाढणार त्याच लोकांना विचारलं होतं, त्यामुळे त्याला वजन होतं.

कोणते पर्याय तोलले

पहिला पर्याय, तेजस्वीच ठेवायचं आणि लागेल तिथं सांगत राहायचं. हा पर्याय मुळीच वेडगळ नाही. किरण मोरे आणि किरण बेदी, दोघांचं नाव एकच, दोघांचं काही अडलं नाही. मुलीला मुलाचं वाटणारं नाव असावं असं कुणी समजून-उमजून ठरवत असेल तर मी त्यांच्या बाजूनं उभी राहीन. पण इथं तसं काही ठरवलेलं नव्हतं. पुण्यात मुलीचं म्हणून निवडलेलं नाव इथं मुलाचं निघालं होतं. आई म्हणाली, "ती मोठी होऊन स्वतः निवडेल तर निवडू दे. मी तिला रोज दुरुस्ती करायचं काम लावून देणार नाही." आधारवर लिंगाची नोंद आयुष्यात एकदाच आणि नावाची दोनदाच बदलता येते, हेही तिला माहीत होतं.

दुसरा, तेजश्री. दोन्ही भाषांत मुलीचंच. पण लिहिण्याचे प्रकार किती होतात ते आईनं वहीच्या पानावर मांडलं. 'श्री'साठी 'एसएचआर' की 'एसआर', शेवटी एक 'आय' की डबल 'ई', पुढे 'टी' की 'टीएच'. आठ रूपं तिथंच झाली. तेजल हा तिसरा. सोपं, पण आजीला ते नावच वाटेना.

चौथा, तेजस्विनी. व्याकरणानं हेच त्या शब्दाचं स्त्रीलिंगी रूप, दोन्ही भाषांत कुणाला शंका नाही. कोल्हापूरची नेमबाज तेजस्विनी सावंत 2010 साली जागतिक विजेती झाली तेव्हापासून आमच्याकडे हे नाव कौतुकानं घेतलं जातं. कर्नाटकातही राजकारणात, दूरचित्रवाणीवर तेजस्विनी आहेत. अडचण लांबीची. आत्याला ते जुनाट वाटलं. आजीची कसोटी वेगळीच, परसात उभं राहून हाक मारता आली पाहिजे. तिनं खरोखरच मारून बघितली. 'तेजस्विनी' विहिरीपर्यंत पोचेना, 'तेजू' पोचलं.

अंकशास्त्राप्रमाणे जादा 'ए' घालायची सूचना एका चुलत भावाकडून आली होती. ती आईनं एका वाक्यात बाजूला केली.

एक तपासणी आईनं न सांगता केली, आणि ती प्रत्येकानं करावी असं मला वाटतं. नावाचं लाडकं रूप दुसऱ्या भाषेत भलतंच काही होत नाही ना. इलाक्षी हे देखणं नाव, पण घरात 'इली' म्हणाल तर कन्नडात 'इलि' म्हणजे उंदीर, आणि शाळेतली पोरं हे बरोबर शोधून काढतात. तेजू, तेजा यात असलं काही निघालं नाही.

काय ठरलं, कसं ठरलं

चौथ्या महिन्यात आईनं आत्याला स्वतः फोन केला. हा निरोप बाबांनी द्यावा असं आधी ठरत होतं, तिनं ते मोडलं. कार्डावरची खूण, फाउंड्रीतला अनुभव सांगितला आणि म्हणाली, "तुमचंच नाव आहे, वन्सं. फक्त त्याला 'नी' लावते." आत्या थोडी गप्प झाली. मग म्हणाली, "मी तेजस्वीच म्हणणार." "म्हणा की." इथं ते मिटलं. मिटलं ते युक्तिवादानं नव्हे. आत्याचं नाव मोडीत निघालं नाही, वाढवलं गेलं, हे तिला पटलं म्हणून.

मग इंग्रजी रूप. 'टी' की 'टीएच', 'व्ही' की 'डब्ल्यू'. 'टी' घेतला, कारण 'टीएच'नं महाराष्ट्रात 'थेजस्विनी' होतं, आणि नुसत्या 'टी'नं कर्नाटकात कुणी 'टेजस्विनी' म्हणणार नाही, शब्द ओळखीचा आहे. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्ही चालतात. नात्यातल्या, ओळखीतल्या दाखल्यांवर 'डब्ल्यू' जास्त दिसला म्हणून तो घेतला. यात बरोबर-चूक काही नाही, एकच धरून ठेवणं महत्त्वाचं.

पूर्ण नाव कसं लिहायचं यावर मी थोडा आग्रह धरला. नुसतं 'तेजस्विनी' न लिहिता पुढे वडिलांचं नाव आणि आडनाव लावा म्हणाले. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या 2023 सालच्या दुरुस्तीनं 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, आधार अशा कामांना जन्मतारखेचा आणि जन्मठिकाणाचा आधार धरलाय. पहिल्या कागदावर जे रूप असेल तेच पुढं सगळीकडे उतरणार.

आईनं एका कोऱ्या कागदावर तीन ओळी लिहिल्या. मराठीत, कन्नडात, इंग्रजी मोठ्या लिपीत सुटी सुटी अक्षरं. कन्नड ओळीत 'ते'चा दीर्घ एकार गडद केला, कारण कन्नडात ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे असतात. मराठीत शेवटची 'नी' दीर्घ, कन्नडात 'नि' ऱ्हस्व, ती तशीच ठेवली. ज्या भाषेचं जे वळण ते त्या भाषेत. आडनावाच्या शेवटच्या 'र'चा कन्नडात पाय मोडला, नाहीतर तो 'र' पुढे अ लावून वाचला जातो. जन्म शहरात झाला म्हणून नोंदही शहरातच होती, गावी नव्हे. बाबा हाफ डे टाकून अर्ज आणि तो कागद घेऊन गेले.

निष्पत्ती

ऑपरेटरनं सवयीनं इंग्रजीत 'टीएच' टाइप केलं. बाबांनी पडद्यावर ते पकडलं, कागद दाखवला, ऑपरेटरनं लगेच 'एच' काढला. बाबा खूश होऊन दाखला घेऊन घरी आले. आईनं दारातच हातात घेतला आणि म्हणाली, "हे टेजस्विनी झालंय."

इंग्रजी रकाना बरोबर होता. कन्नड रकान्यात 'त'च्या जागी 'ट' आला होता. 'एच' काढला तेव्हा कन्नड अक्षरही त्याबरोबर बदललं असणार, कारण तिकडच्या सवयीनं नुसता 'टी' म्हणजे 'ट'. बाबांनी इंग्रजीवर डोळा ठेवला आणि कन्नडाकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तरी कन्नडातले 'त' आणि 'ट' त्यांना पटकन वेगळे ओळखू आले नसते.

दुरुस्तीचा अर्ज केला. पहिल्या अर्जाला जोडलेला आईच्या हातचा तीन ओळींचा कागद तिथंच फाइलला होता, त्यावर 'ते' स्पष्ट होता. चूक टाइपाची आहे हे त्यावरून ताबडतोब ठरलं. आणखी दोन हेलपाटे झाले, पण दाखला नीट मिळाला. त्यावर जन्मठिकाण 'बेळगावी' आहे आणि आईच्या दहावीच्या कागदावर 'बेळगाम'. 1 नोव्हेंबर 2014 ला शहराचंच सरकारी नाव बदललं. आमच्या बोलण्यात ते बेळगाव आहे आणि राहील.

त्या दाखल्यावर मुलीचं बाल आधार निघालं, पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं उघडलं. दोन्हीकडे अक्षरं तीच. खातं उघडताना कुणी मुलगा की मुलगी विचारलं नाही. आई हे मला सांगायला मुद्दाम आली होती.

काय वेगळं करता आलं असतं

आईला बाळंतपणाआधी विचारायला हवं होतं. सातव्या महिन्यापासून घरात नावांच्या गप्पा चालू होत्या, त्या सगळ्या मराठी कानानं. घरातली कन्नड लिहिता-वाचता येणारी एकमेव व्यक्ती तीच होती, आणि तिचं मत शेवटी घेतलं गेलं. सुनेनं नावात बोलायचं नाही ही जुनी सवय इथं नुसती अन्यायाची नव्हती, नुकसानीचीही होती.

आत्याचा मान ठेवायला नाव छापून आणण्याची गरज नव्हती. दोन-तीन नावं आत्यानं सुचवावीत आणि त्यातलं एक आई-बापांनी निवडावं, अशी रीत आमच्या गावात दोन घरांनी आता पाडलीय. कानात सांगण्याचा मान तसाच राहतो.

नाव पक्कं होईपर्यंत दवाखान्यात, लसीच्या रजिस्टरात 'अमुकची मुलगी' एवढंच सांगायला हवं होतं. पाळण्यातलं नाव एकदा सरकारी वहीत गेलं की ते आपोआप पुढच्या वहीत उतरतं.

काउंटरवर कन्नड वाचता येणारं माणूस पाहिजे होतं. आई चार महिन्यांच्या बाळाला घेऊन जाऊ शकली असती, किंवा मी गेले असते. मी त्या दिवशी मोकळी होते आणि मला सुचलं नाही, याची मला अजून चुटपुट आहे.

एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. मराठी रूप कुठंच सरकारी कागदावर नाही. उद्या ही मुलगी मराठी शाळेत गेली, तर रजिस्टरात तिचं नाव पुन्हा इंग्रजीवरून किंवा कन्नडवरून मराठीत आणलं जाईल, आणि कन्नडातली ऱ्हस्व 'नि' बघून कुणीतरी 'तेजस्विनि' लिहील. आईनं तो तीन ओळींचा कागद झेरॉक्स करून जन्मदाखल्याच्या प्लास्टिक पिशवीत मागच्या बाजूला घातलाय. प्रवेशाच्या दिवशी तो बाईंच्या टेबलावर ठेवायचा असं तिनं आत्ताच ठरवून ठेवलंय.